रंगजुळणी, दोन संगणक-पडद्यांची

रंगजुळणी, दोन संगणक-पडद्यांची : शेजारी ठेवलेल्या दोन मॉनिटरांवर एकच चित्र शक्य तितके एकसारखे दिसावे, म्हणून करायची मोजणी आणि समायोजन. छपाई, छायाचित्रण, चित्रपटांचे रंगसंस्करण, वैद्यकीय प्रतिमांचे वाचन आणि उपग्रहचित्रांवरून होणारे नकाशांचे काम यांत तिची नित्य गरज पडते.

नकाशांच्या कामाचेच उदाहरण घेऊ. हिंगोली जिल्ह्यातले सिद्धेश्वर धरण पूर्णा नदीवर, येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला आहे. अशा जलाशयाचे उपग्रहचित्र पुष्कळदा मिथ्यावर्णी रूपात पाहतात. त्यात निकट-अवरक्त किरण लाल, लाल किरण हिरवे आणि हिरवे किरण निळे दाखवलेले असतात. त्यामुळे काठची उभी पिके लालभडक, खोल नितळ पाणी काळपट निळे आणि गाळाचे पाणी फिकट आकाशी दिसते. आता एक पडदा निळसर आणि दुसरा पिवळट असेल, तर गढूळ पाणी कुठे संपते आणि ओली जमीन कुठे सुरू होते, याबद्दल दोन पाहणाऱ्यांचे दोन निर्णय होऊ शकतात. आकड्यांवरून संगणकाने काढलेले पाण्याचे क्षेत्रफळ त्याने बदलत नाही. डोळ्याने पाहून ओढलेली सीमारेषा मात्र सरकते. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या संस्थांच्या कामाचा पायाच प्रतिमांचे वाचन हा असल्याने तेथे पडद्याचा रंग क्षुल्लक मानता येत नाही.

फरक का पडतो : संगणक पडद्याला फक्त आकडे पाठवतो. लाल, हिरवा आणि निळा यांसाठी प्रत्येकी ० ते २५५, म्हणजे एकूण सुमारे १.६७ कोटी मिश्रणे. या आकड्यांचा प्रकाश किती आणि कोणत्या छटेचा करायचा, हे पडद्याची रंगगाळणी, मागचा दिवा, कारखान्यातली जुळणी आणि वय ठरवतात. म्हणून एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे दोन मॉनिटरसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. लॅपटॉप आणि त्याला जोडलेला मोठा मॉनिटर यांच्यात तर तफावत उघड दिसते.

तिसरे माप : या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की एक पडदा दुसऱ्यासारखा करायला जाऊ नये, दोन्ही पडदे बाहेरच्या तिसऱ्या, मोजलेल्या मापाला लावावेत. रंग आकड्यांत सांगण्याची सोय प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने (सीआयई) १९३१ मध्ये प्रमाण निरीक्षक ठरवून केली. आकड्यांत बांधलेल्या रंगाचे एक उदाहरण मराठवाड्यातच आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. ध्वजाच्या आयएस १ या भारतीय मानकात केशरी रंग ‘सी’ या प्रमाण प्रकाशात एक्स ०.५३८, वाय ०.३६० आणि दीप्ती २१.५ असा दिलेला आहे. आकडा ठरलेला असला की नमुन्याचे कापड समोर नसतानाही दुसऱ्या गावचा रंगारी तोच केशरी गाठू शकतो. पडद्यांसाठी असे सामाईक माप म्हणजे एसआरजीबी. ते ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडले व १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यातला पांढरा ‘डी ६५’, म्हणजे सुमारे ६५०० केल्व्हिनचा दिवसाचा प्रकाश.

पद्धत : दोन्ही मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावेत. रंग भडक करणारी ‘व्हिव्हिड’ सोय, रात्रीचा पिवळा प्रकाश आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करावा. आधी ब्राइटनेस जुळवावा, कारण उजेडातला फरक डोळ्याला रंगातल्या फरकासारखा भासतो. साध्या खोलीत दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला पुरतात, आणि जो पडदा कमी उजळतो त्याच्या मर्यादेवर दुसऱ्याला उतरवावे लागते. मग मॉनिटरच्याच मेनूतून लाल, हिरवा, निळा कमीजास्त करून पांढरा जुळवावा. गॅमा, म्हणजे आकडा वाढताना उजेड कसा वाढतो हे ठरवणारे माप, साधारण २.२ ठेवतात. यानंतर पडद्यावर कलरीमीटर हे रंगमापक यंत्र टेकवून प्रत्येक मॉनिटरची वेगळी प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांचे मोजलेले वर्णन, तयार करावी. प्रोफाइलचा सर्वमान्य साचा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंगसंघाने (आयसीसी) घडवला. मात्र प्रोफाइल वाचणाऱ्या प्रणालींतच तिचा पूर्ण उपयोग होतो. इतरत्र तेच चित्र पुन्हा वेगळे दिसते आणि दोष विनाकारण मॉनिटरला लागतो.

जुळणीनंतर उरलेली तफावत डेल्टा-ई या रंगफरकाच्या मापात सांगतात. एकाच्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्यालाही जेमतेम कळतो.

मर्यादा : एका पडद्याचा रंगपट्टा, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका, मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल, तर लहान पट्ट्याच्या पडद्याला गाठताच न येणारे भडक हिरवे आणि लाल कोणत्याही प्रोफाइलने येत नाहीत. मोठ्यालाच लहानाच्या कुंपणात आणावे लागते. याहून अवघड प्रकार असा, की यंत्र दोन्ही पांढऱ्यांचे आकडे सारखे दाखवते आणि डोळ्याला ते वेगळे दिसतात. कारण साध्या एलईडीचा मागचा दिवा आणि ओएलईडी यांचे वर्णपट मुळातच निराळे असतात. १९३१ चा प्रमाण निरीक्षक सरासरीचा आहे, तर प्रत्येकाची नजर थोडी वेगळी असते. निळ्या भागात त्या निरीक्षकाची उणीव आधीच लक्षात आली होती व १९५१ मध्ये रंगशास्त्रज्ञ जड यांनी त्यात दुरुस्ती सुचवली. अशा वेळी पांढरा शेवटी डोळ्यानेच जुळवावा. एकाच कामासाठी दोन मॉनिटर घ्यायचे असतील, तर एकाच वेळी एकाच नमुन्याचे घेणे सर्वांत शहाणपणाचे.

दिवे झिजतात, म्हणून मोजणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. खिडकीचे ऊन पडद्यावर येऊ देऊ नये. एवढे करूनही रंगाचा अंतिम निर्णय द्यायचा असेल, तेव्हा दोहोंपैकी एकच पडदा प्रमाण मानावा आणि दुसऱ्यावर मेनू, नकाशाची सूची वा मजकूर ठेवावा.