हुंडेकऱ्याची जोखीम

हुंडा म्हटलं की आज लग्नातलीच देणीघेणी आठवतात. पण जुन्या मराठीत हुंडा म्हणजे सगळं मिळून ठरवलेली ठोक रक्कम, असाही अर्थ होता. त्यावरूनच ‘हुंडेकरी’ हा शब्द आला. दुसऱ्याचा माल ठोक भाड्यात मुक्कामी पोचवायचा आणि वाटेतली जकातही आपणच भरायची, हा हुंडेकऱ्याचा धंदा. हा शब्द आता आडनावापुरता उरला आहे. धंदा मात्र आमच्या पालमच्या बाजारपेठेतही दिसतो. मोटारसायकलला भलीमोठी पिशवी लावून पोरं वाडीतांड्यावर पार्सलं पोचवतात. त्यांच्यामागे एक ठेकेदार असतो. तोच आजचा हुंडेकरी.

मंडळी, माल तर लमाणांचे तांडेही वाहत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तरेत १४ हजार बैलांचा तांडा भेटला होता. पण लमाण बहुधा धान्य स्वतः विकत घेऊन पुढे विकायचा. हुंडेकऱ्याचा माल परक्याचा. भाड्याचा आकडा ठरला की व्यापारी निश्चिंत व्हायचा. बैलांचा चारा, गड्यांची मजुरी, नाक्यानाक्यावरची जकात ही काळजी हुंडेकऱ्याची. खर्च कमी आला तर नफा, वाढला तर पदरमोड. म्हणून त्याची खरी पुंजी होती वाटेची माहिती. जकात हा शब्द मूळ अरबी. आमच्या घरात तो दानाचा, रस्त्यावर तो वसुलीचा झाला!

कंपनीच्या मुलखातल्या अंतर्गत जकाती १८३६ ते १८४४ या काळात टप्प्याटप्प्याने उठल्या. पुढे रेल्वे आली आणि हुंडेकऱ्याचं कसब मागे पडलं. आमच्याकडे निजामी राजवटीत ‘करोडगिरी’ होती. जुनी माणसं करोडगिरी नाक्याच्या गोष्टी सांगत.

इंग्रजी मुलखात १८६५ साली वाहतूकदारांचा कायदा झाला. नग हरवला तर वाहतूकदार जबाबदार. मात्र शंभर रुपयांवरच्या ठरावीक मौल्यवान मालाची किंमत आधी सांगितली तरच ही जबाबदारी, आणि त्यासाठी जादा भाडं घेण्याची त्याला मुभा. म्हणजे जोखीम वाढली की मोबदलाही वाढणार, हे कायद्यानेच मान्य केलं. १८७७ साली टपाल खात्याने व्ही. पी. सुरू केली. माल द्या, पैसे घ्या. माझ्यासारख्या कवीची पुस्तकं वाचकांपर्यंत गेली ती बरीचशी व्ही. पी. नेच. पोस्टमनला पगार खात्याचा होता. पुस्तक परत आलं म्हणून त्याची चूल थंड पडत नव्हती.

आजच्या ठेकेदाराचा हिशेब मांडून पाहू. समजा, नगामागे १५ रुपये आणि दिवसाला ८० नग. झाले १,२०० रुपये. दोन पोरांना ४००-४००, पेट्रोल २५०. उरले १५०. त्यातून गाळ्याचं भाडं आणि गाडीची दुरुस्ती अजून जायचीच आहे. पेट्रोल रोज रोखीने लागतं, बिल मात्र महिन्याने मिळतं. मधल्या दिवसांचं भांडवल कोणाचं? बहुधा बायकोच्या दागिन्यांचं. अशात १२ हजारांचा एक मोबाइल गहाळ झाला आणि तो ठेकेदाराच्या नावावर लागला, तर ८० दिवसांची शिल्लक गेली. परत गेलेल्या नगाचे पैसे मिळाले नाहीत, तर ती खेप फुकटच.

जुना हुंडेकरीही जोखीम घ्यायचा. पण आपला आकडा तो स्वतः सांगायचा. वाट अवघड असेल तर भाडं वाढवून मागायचा. आज दर ठरतो मोठ्या शहरात, एकाच कागदावर. पावसाळ्यात गोदावरीकाठच्या गावाला जायला किती वेळ लागतो, हे त्या कागदाला माहीत नसतं.

पोरांनी हा धंदा करू नये, असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नग हरवला तर भरपाई कोणी द्यायची? परत गेलेल्या नगाचे पैसे मिळणार का? बिल किती दिवसांनी? आणि ही उत्तरं तोंडी ऐकून उठू नये, कागदावर लिहून घ्यावीत.