तीन आण्यांची जाहिरात

त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव घेतले, की कोणाही मराठी माणसाला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. आम्हां नाशिककरांना त्यांचा अभिमान अंमळ अधिकच. कारण १९१३ साली तो चित्रपट मुंबईत झळकल्यावर दादासाहेबांनी तिथला पसारा आवरला, नाशकास बिऱ्हाड केले, पुढचे कितीतरी चित्रपट याच गावी घडवले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच देह ठेवला. त्यांची चिकाटी, विलायतेहून आणलेला कॅमेरा, सरस्वतीबाईंनी संसाराबरोबरच उचललेला कारखान्याचा भार, या सर्व गोष्टी पुष्कळांनी पुष्कळ वेळा सांगितल्या आहेत. दादासाहेबांच्या एका गुणाकडे मात्र आपले लक्ष थोडे कमीच गेले. तो गुण म्हणजे, हा गृहस्थ जाहिरात फार नामी लिहीत असे.

सुरतेची हकीकत प्रसिद्ध आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन दादासाहेब तिथे गेले, तेव्हा पहिल्या दिवसाची कमाई झाली अवघी तीन रुपये! थिएटरवाला भागीदार हवालदिल झाला. त्याचे म्हणणे असे, की इथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तास नाटक पाहण्याची सवय. तुम्ही तीन आणे घेता आणि दीड तासात घरी पाठवता, तेव्हा एक तर खेळ लांबवा, नाही तर दर उतरवा. व्यवहारी माणसाने यावर एक आणा कमी केला असता. दादासाहेबांनी दर उतरवला नाही आणि खेळही लांबवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत, असा तिचा मतलब होता. लोक लोटले आणि कमाई रुपयांवरून शेकड्यांवर गेली, असे सांगतात.

आता यातली मेख पाहा. सुरतेचा प्रेक्षक करमणूक तासांनी मोजत होता. त्या मापाने सिनेमा नाटकापुढे हरणारच. दादासाहेबांनी मालाला हात लावला नाही, मोजायचे माप तेवढे बदलले. तास नको, चित्रे मोजा. घड्याळ नको, गज घ्या! आणि मग तेच तीन आणे स्वस्त वाटू लागले. शब्दांचा फुलोरा त्या जाहिरातीत जवळपास नाहीच. आहे ती समोरच्या माणसाच्या मनातल्या हिशेबाची अचूक जाण.

शाळामास्तराला गणित पडताळून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगतात. अशा फितीच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. गुणाकार केला, तर ५९,२०० चित्रे होतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा पुष्कळच खरा म्हणायचा. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट, आणि ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही पुरता नव्हे. कार्यक्रमात आणखी काही फिती जोडल्या असतील, तर गोष्ट वेगळी. एरवी हे मैल जवळजवळ तिपटीने ताणलेले दिसतात. एकाच जाहिरातीत एक आकडा मोजलेला आणि त्याच्या शेजारी दुसरा हात सैल सोडून लिहिलेला! वाचक ही जोडी ध्यानात ठेवोत; पुढे तिचे काम पडणार आहे.

दादासाहेबांची दुसरी जाहिरात माणसे मिळवण्यासाठी होती. ‘इंदुप्रकाश’सारख्या पत्रांतून त्यांनी नटांसाठी जाहिराती दिल्या. नुसते देखणे चेहरे हवेत म्हटल्यावर उमेदवारांची झुंबड उडाली. पण आरशावर भरवसा ठेवणारे सगळेच पडद्यावर शोभणारे नव्हते. त्यांची एक जाहिरात तर मोठी मासलेवाईक आहे. नट, सुतार, धोबी, न्हावी, रंगारी हवेत, असे तीत सांगितले आहे. दारुडे, उनाड आणि कुरूप माणसांनी नट होण्यासाठी येण्याची तसदी घेऊ नये, असे बजावले आहे. आणि वर एक सवलतही ठेवली आहे, ती अशी की, देखणा आणि अव्यंग माणूस मुका असला तरी चालेल. वाचून हसू येते; पण विचार केला, की कौतुक वाटते. चित्रपट मूक. तिथे वाणी हवी कशाला? काय हवे, काय नको आणि कशाविना भागेल, हे ज्याला आपल्या कामावरून नेमके ठाऊक आहे, तोच अशी जाहिरात लिहू शकतो. तारामती मिळाली ती मात्र जाहिरातीने नव्हे. मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात अण्णा साळुंके नावाचा आचारी होता. त्याची नाजूक बोटे दादासाहेबांच्या नजरेत भरली आणि आपल्या पडद्यावरील पहिली नायिका ठरली. शोधणाऱ्याला काय शोधायचे ते माहीत असले, म्हणजे असे होते.

ही शंभर वर्षांपूर्वीची कथा आज काढण्याचे कारण असे, की जाहिरात लिहिण्याचे काम आता घरोघर एक यंत्र करू लागले आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि पाठोपाठ तसली आणखी यंत्रे आली. आपण मराठीत लिहून सांगावे, ते क्षणात मराठीत लिहून देते. या सांगण्याला ‘प्रॉम्प्ट’ असा शब्द रूढ झाला आहे. मी त्याला सांगावा म्हणतो. निरोप्याच्या हाती सांगावा धाडावा, तसाच हा प्रकार. सांगावा धड असेल, तर काम धड.

बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका लहानपणी आपण सर्वांनी ऐकली आहे. महाराजांनी पत्र लिहावयास सांगितले होते. कामाच्या रगाड्यात ते राहून गेले. रात्री विचारणा झाली, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखवले. मशालजीला हसू आवरेना, तेव्हा गुपित फुटले आणि महाराज रागावण्याऐवजी प्रसन्न झाले. आजचे यंत्रही कोऱ्या कागदावरून असेच न अडखळता वाचते. फरक एवढाच, की बाळाजींना धन्याचे मन ठाऊक होते. यंत्राला तुमचे मन, तुमचा माल, तुमचे गिऱ्हाईक यांपैकी काहीही ठाऊक नसते. त्याने जगातला अफाट मजकूर पचवला आहे आणि कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द यावा, याचा त्याला अचाट अंदाज आहे. तुम्ही मोघम सांगितलेत, की ते सर्वांच्या जाहिरातींची सरासरी काढून तुमच्या हाती ठेवते.

आमच्या पंचवटीत एक वहिनी दिवाळीचा फराळ करून विकतात. वर्षभराच्या मुलांच्या फिया त्या पंधरा दिवसांच्या कढईतून निघतात, म्हणून त्यांना जाहिरात ही काही हौस नव्हे. परवा त्यांनी यंत्राने लिहिलेला मजकूर मला दाखवला. त्यात ‘आईच्या हातची अस्सल चव’ होती, ‘परंपरेचा सुगंध’ होता आणि ‘साजूक तुपात तळलेल्या कुरकुरीत चकल्या’ होत्या.

“वहिनी, तुम्ही चकल्या तुपात तळता?”

“छे हो सर! शेंगदाण्याच्या तेलात. तुपाचं मी कुठं सांगितलं त्याला?”

“मग काय सांगितलं होतंत?”

“दिवाळी फराळाची छान जाहिरात लिही, एवढंच.”

मग आम्ही दादासाहेबांच्या शाळेत बसलो. वहिनींची चकली कोण घेते? नोकरीमुळे घरी भाजणी करायला सवड नसलेल्या बायका. शिवाय पुण्याला शिकणाऱ्या मुलांना डबा धाडणारे आईबाप. त्यांच्या मनात धास्ती कसली? विकतची चकली चार दिवसांत नरम पडते आणि पार्सलात तिचा चुरा होतो. वहिनींचे वेगळेपण काय? भाजणी स्वतः भाजून गिरणीतून दळून आणतात आणि मागणी आल्यावरच तळतात. सांगायचे काय नाही? तूप; आणि ‘अस्सल’, ‘परंपरा’ हे शब्द. यंत्राला आम्ही दिलेला सांगावा असा होता: “पंचवटीत घरी चकल्या करून विकणाऱ्या बाईंच्या वतीने, नोकरी करणाऱ्या गृहिणींना फोनवर धाडायचा साठ शब्दांचा निरोप लिही. भाजणी घरची, तळण शेंगदाणा तेलात, मागणीनंतरच ताजे तळण, डब्यात उभी रचून बांधणी. वसुबारसेच्या दोन दिवस आधी मागणी बंद. भाषा घरगुती, विशेषणे नकोत. मी न दिलेली कोणतीही गोष्ट घालू नकोस. काही कमी असेल, तर लिहिण्याआधी मला विचार.”

यंत्राने खरोखरच विचारले, की भाव काय, पोचवणार कोण, किमान किती घ्यावे लागेल? ही उत्तरे दिल्यावर त्याने तीन मसुदे दिले. वहिनींनी गेल्या वर्षी स्वतः लिहिलेला एक निरोप नमुना म्हणून पुढे केला, तेव्हा चौथा मसुदा त्यांच्या बोलण्यासारखा उतरला. त्यातही ‘महिनाभर टिकणाऱ्या’ असे शब्द कुठूनसे आलेच होते. वहिनींनी ते खोडले. “मी पंधरा दिवसांचीच हमी देते,” त्या म्हणाल्या.

वहिनींनी ते दोन शब्द खोडले, त्याचे मोल मला सांगाव्याइतकेच वाटते. सांगावा कसा लिहावा, हे चार दिवसांत कोणीही शिकेल: कोणासाठी, कशासाठी, कोणत्या खऱ्या गोष्टींच्या आधारे, किती लांब, कोणत्या भाषेत आणि काय वगळून. मात्र त्यात भरायचा ऐवज माल करणाऱ्यापाशीच असतो. आणि दुसरे असे की, सत्तावन्न हजार आणि दोन मैल हे दोन्ही आकडे यंत्र सारख्याच प्रसन्न मुद्रेने लिहील. मोजलेला कोणता आणि ताणलेला कोणता, हे त्याच्या वाक्यावरून ओळखू येत नाही. दादासाहेबांचे मैल प्रेक्षकाने हसून सोडून दिले असतील, कारण पडद्यावर राजा हरिश्चंद्र चालताबोलता नसला, तरी चालता तरी दिसत होता. साजूक तुपाचे नाव सांगून तेलाची चकली दिली, तर गिऱ्हाईक तसे सोडून देणार नाही, आणि पुढल्या दिवाळीला फिरकणारही नाही. यंत्राचे त्यात काही जात नाही. फी वहिनींच्या मुलांची अडते.

येवल्याची पैठणी विकणारा असो, लासलगावचा कांदा वा नाशिकची द्राक्षे परगावी धाडणारा असो, सर्वांच्या हाती आज हा नवा चिटणीस आहे. त्याला राबवावे, त्याच्याकडून दहा मसुदे लिहून घ्यावेत, लाज वाटण्याचे काही कारण नाही. फक्त त्याला कामाला बसवण्याआधी घटकाभर आपण बसावे आणि आपले गिऱ्हाईक कोणत्या मापाने मोजते, हे कागदावर मांडावे. यंत्राचा कागद हाती आला, की त्यातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक तूप आपल्या हाताने तपासावे. मजकूर कोणीही लिहिलेला असो, खाली नाव आपले असते.