मान, सुया आणि कोटणीस

आमच्या पांढरकवड्यात कुणी सांगितलं की मानेसाठी सुया टोचून घेतोय, तर ऐकणाऱ्यांपैकी एक जण हमखास म्हणतो, "अरे, ही विद्या तर आपल्या डॉ. कोटणीसांनी चीनमधून आणली!" मीही हे लहानपणापासून ऐकत आलोय. गेल्या कापूस वेचणीनंतर मोठ्या आईची मान धरली, तिला सुयांसाठी नागपूरला न्यायचं की नाही यावर घरात खल झाला, आणि शेवटी हेच वाक्य कामी आलं. कोटणीस म्हटल्यावर ती तयार झाली. तोवर तिचं एकच पालुपद होतं, "सुईनं मान कशी बरी होईन रे बाप्पा?"

मोठ्या आईच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी कोटणीस.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केलं. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, आणि सुभाषबाबू अध्यक्ष असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक सप्टेंबर १९३८मध्ये बोटीने रवाना केलं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे बिजयकुमार बसू व देबेश मुखर्जी. मंडळी, नागपूर लक्षात घ्या! सोलापूरकरांना कोटणीस पाठ आहेत, पण आम्ही वैदर्भीय चोळकरांचं नावसुद्धा घेत नाही. पाचही जणांनी चिनी नाव घेताना शेवटी 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दीहुआ'.

तिघे परतले, कोटणीस आणि बसू राहिले. कोटणीस उत्तर चीनमधल्या आघाडीवर बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं 'यिनहुआ', म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराच्या झटक्याने ते गेले. वय अवघं ३२. पुढे १९४६ साली शांतारामबापूंच्या चित्रपटाने ते घराघरात पोचले.

आता तारखा जुळवून बघा. कोटणीस शल्यचिकित्सक, त्यांची कीर्ती चाकूची, सुईची नव्हे. त्यांच्या हयातीत चीनमध्ये या विद्येला वाईट दिवस होते. १८२२ साली बादशहाने ती राजवैद्यांच्या संस्थेतून काढून टाकली होती, १९२९ला तर सगळं पारंपरिक वैद्यकच बंद करायचा घाट घातला गेला होता. साम्यवादी लष्कराच्या डॉक्टरांनी सुया मनावर घेतल्या त्या १९४४-४५च्या सुमारास. औषधं मिळत नव्हती, सुया मिळत होत्या, इतकं साधं कारण. झू लिअन या पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरीणबाई त्यांत पुढे होत्या, १९५१ला त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिलं. तोवर कोटणीसांना जाऊन नऊ वर्षं होत आली होती.

मग भारतात सुया आणल्या कुणी? बसूंनी. ते १९४३ला परतले, १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले, आणि १९५९पासून कलकत्त्यात रुग्णांवर वापरू लागले. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जी दवाखान्यांची चळवळ उभी केली, तिला गेलेल्या मित्राचं नाव दिलं. लुधियान्यातही कोटणीसांच्या नावाचं अॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. लोकांनी पाटी वाचली आणि विद्या कोटणीसांच्या नावावर जमा केली. बसूंनी स्वतःचं नाव लावलं असतं तर हा घोळ झालाच नसता. पण ते त्यांना नकोच असावं, असं आपलं मला वाटतं.

आता मोठ्या आईचा प्रश्न. मान धरण्याला चिनी भाषेत 'लाओझेन' म्हणतात, शब्दशः उशीवरून घसरणं! त्यासाठी सुई टोचायची एक जागा चक्क हाताच्या पंजामागे आहे. चिनी नावात सुईबरोबर जाळणंही आहे, म्हणजे ठरावीक जागी वनस्पतीची वात पेटवून शेक देणं. आमच्याकडे डाग देत, तुंबडी लावत, लचक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेत. तेव्हा हसायला आपल्यालाही फार जागा नाही.

गुण किती? २००६च्या कॉक्रेन आढाव्यात मानेच्या जुनाट दुखण्यात थोड्या काळापुरता आराम मिळतो असं निघालं. २०१५ला इंग्लंडमध्ये ५१७ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड मिळालेल्यांची मान वर्षभरानंतरही तुलनेने बरी होती. पण खोट्या सुया लावून तुलना केली की फरक बराच कमी होतो. म्हणजे थोडा गुण सुईचा, थोडा शांत पडून राहण्याचा, थोडा विश्वासाचा. आणि डोक्यावरचं गाठोडं पुढच्या हंगामात परत चढलं तर कुठलीच सुई पुरायची नाही.

मोठ्या आईला आराम पडला. सुईने की महिनाभर ओझं न उचलल्याने, हे मी ठरवत बसलो नाही. तुम्ही कुणाला नेणार असाल तर एवढं बघा: हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सुई नवी, सीलबंद हवी. महाराष्ट्रात आता यासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारायला लाजू नका. खांद्यावर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

मोठ्या आईला मी बसूंची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "दोघायचंबी नाव घेत जा मंग." मी चोळकरांचंही घेतो.