सर्पगंधा, ससे आणि आजोबांची पावलं

मनोविकारांवरच्या औषधांचा इतिहास बहुतेकदा पॅरिसपासून, 1952 सालच्या क्लोरप्रोमाझिनपासून सांगितला जातो. त्याचा दुसरा धागा मात्र परळच्या केईएम रुग्णालयातून जातो.

सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांच्या जुन्या ओळखीची. उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर ती चालते, असं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये लिहिलं. केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली आणि 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष मुळीकडे वळलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरलं. 1957 चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

त्याच वर्षी स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांचा सशांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रेसरपिन दिलेले ससे निपचित पडले होते. लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. रेसरपिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता. पार्किन्सनचं कोडं इथूनच उलगडत गेलं. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं.

नंतरची बहुतेक औषधं साठा रिकामा करत नाहीत, डोपामिनची वाट अडवतात. भ्रम शमतात ते त्यामुळे, आणि अंग ताठरतं तेही त्यामुळेच. म्हातारपणी डोपामिन आधीच घटलेलं असतं, औषध शरीराबाहेर पडायलाही वेळ लागतो. मग छोटा डोसही भारी पडतो. हात थरथरतात, पावलं घासतात, गिळताना ठसका लागतो. घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' क्वचित प्रसंगी तीव्र ताप येतो, अंग लाकडासारखं होतं, शुद्ध हरपते. हा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. यात थेट रुग्णालय गाठायचं.

2005 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 17 चाचण्या तपासल्या. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांपैकी सुमारे दहा आठवड्यांत ही औषधं घेणारे 4.5 टक्के दगावले, औषध नसलेली गोळी घेणारे 2.6 टक्के. नव्या पिढीच्या औषधांना दिलेला हा इशारा 2008 मध्ये जुन्यांनाही लागू झाला.

औषध म्हणून परस्पर बंद करायचं नसतं, तेही धोक्याचं. पण वाशी-नेरुळच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आजोबांची पावलं अचानक घासू लागली, तर वयाकडे बोट दाखवण्याआधी गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना विचारावं: यातली कुठली गोळी कधी सुरू झाली, आणि ती अजून लागते का?