आलेमानचा जन्म कुठे झाला?

ऑस्कर आलेमान हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात नवल नाही. 1930च्या दशकातलं पॅरिस आणि गिटार म्हटलं की आठवतो तो जँगो राइनहार्ट. पण त्याच शहरात, त्याच वर्षांत अर्जेंटिनाहून आलेला आलेमान जोसेफिन बेकरच्या कार्यक्रमांत गिटार वाजवत होता, तिचा वाद्यवृंद सांभाळत होता. स्विंगचे अनेक दर्दी त्याला जँगोच्या तोडीचा मानतात. त्याचं चरित्र लिहायला बसलं, की मात्र पहिल्याच ओळीत अडखळायला होतं.

जन्मतारीख 20 फेब्रुवारी 1909 अशी दिली जाते. जन्मगावं मात्र दोन सापडतात. कुठे रेसिस्टेन्सिया, तर कुठे माचागाई. दोन्ही अर्जेंटिनाच्या उत्तरेकडच्या चाको भागातली, पण त्यांच्यात शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर.

पुढची हकिकत एखाद्या सिनेमासारखी आहे आणि ती मुख्यतः त्यानेच मोठेपणी सांगितलेली. वडील गिटार वाजवायचे, आई पियानो. घरच्यांचाच एक छोटा ताफा गावोगाव कार्यक्रम करायचा. मग आई गेली, वडिलांनी आत्महत्या केली आणि दहा-अकरा वर्षांचा ऑस्कर ब्राझीलच्या सांतोस बंदरात एकटा उरला. गाड्यांची दारं उघडून मिळालेल्या चिल्लरीतून त्याने कावाकिन्यो हे चार तारांचं छोटं वाद्य घेतलं म्हणतात. तिथेच त्याला गिटारवादक बुएनो लोबो भेटला, दोघांची जोडी जमली आणि 1929 साली ते युरोपात पोहोचले.

आता एक प्रसिद्ध किस्सा. ड्यूक एलिंग्टनला आलेमान आपल्या वाद्यवृंदात हवा होता, पण जोसेफिन बेकरने त्याला सोडायला साफ नकार दिला. 1933 साली एलिंग्टनचा वाद्यवृंद पॅरिसमध्ये वाजला होता, हे खरं. म्हणजे गोष्ट जुळते. पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. दुसरा किस्सा 1940चा. नाझींनी पॅरिस घेतल्यावर मायदेशी निघालेल्या आलेमानच्या धातूच्या गिटारी सरहद्दीवर जप्त झाल्या, असा. तो अर्जेंटिनात परतला आणि 1941 साली स्वतःच्या पंचकासह रेकॉर्डिंग करू लागला, एवढं पक्कं.

अशा किश्श्यांना थोडं मीठमसाला लागलेलं असलं, तरी फार बिघडत नाही. मंचावर जगणारा माणूस आपली गोष्टही मंचावरच्यासारखीच सांगतो. तेवढं धरून ऐकावं.

जन्मगावाचं कोडं वेगळं आहे. तिथे गोष्ट फुगलेली नाही, तिथे जागा रिकामी आहे. आलेमानची आई तोबा होती, म्हणजे आज ज्यांना कोम म्हणतात त्या आदिवासी समाजातली. चरित्रांत तिच्याबद्दल सहसा दोनच गोष्टी सापडतात: जमात आणि पियानो. ती कशी शिकली, कुणाकडे शिकली, याला कागद नाही.

त्या काळी चाको हा स्वतंत्र प्रांतही नव्हता. तो दर्जा त्याला 1951 साली मिळाला. माचागाईच्याच परिसरात नापाल्पी नावाची वसाहत होती. तिथल्या कोम आणि मोकोइत मजुरांनी कापसाच्या कामातल्या पिळवणुकीविरुद्ध संप केला. 19 जुलै 1924 रोजी पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या, शेकडो माणसं मारली गेली. या हत्याकांडाला शासन जबाबदार आहे, असं न्यायालयाने म्हटलं ते 2022 साली. म्हणजे तब्बल 98 वर्षांनी. जिथे शेकडो मृत्यूंची नीट नोंद व्हायला जवळपास शतक लागतं, तिथे एका बाळाचं जन्मगाव दोन ठिकाणी सापडावं याचं आश्चर्य कशाला वाटावं?

म्हणून एखाद्या कलाकाराच्या चरित्रात ‘याबाबत मतभेद आहेत’ असं वाचलं, की तिथे थोडं थांबावं. मतभेद त्याने रंगवून सांगितल्यामुळे आहेत, की त्याच्या माणसांची नोंद ठेवावी असं कुणाला वाटलंच नाही म्हणून? पहिल्यावर हसता येतं. दुसऱ्याचा हिशेब मागावा लागतो.

आलेमान 1980 साली ब्वेनोस आयरिसमध्ये वारला. 1938 साली कोपनहेगनमध्ये त्याने एकट्याने वाजवून केलेल्या तबकड्या आज फोनवर सहज मिळतात. सोबतीला कुणी नाही, तरी एकाच गिटारीतून ठेकाही ऐकू येतो आणि सूरही. त्या खोलीत त्या दिवशी तो होता, याबद्दल कुणाचा मतभेद नाही.