पुस्तक न पटलेला विद्यार्थी

वर्ग चालू आहे आणि मागच्या बाकावरचा एखादा मुलगा उठून म्हणतो, "गुरुजी, पुस्तकात लिहिलंय ते मला पटत नाही." अशा वेळी आपण काय करतो? बहुधा "खाली बैस" म्हणतो. आज अशाच एका विद्यार्थ्याची हकीकत सांगायची आहे. त्याच्या गुरूंनी त्याला खाली बसवले नाही.

त्याचे नाव एडविन हॉल. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तो शिकत होता. मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाच्या १८७३ सालच्या ग्रंथात त्याने वाचले की, चुंबकाचा जोर पडतो तो तारेवर, तारेतून वाहणाऱ्या विजेवर नव्हे. हॉल विचारात पडला. वीज बंद केली की तारेवरचा जोरही नाहीसा होतो. मग तो विजेवरच नको का? त्याने गुरू हेन्री रोलंड यांना विचारले. त्यांनाही तीच शंका होती. त्यांचा स्वतःचा एक प्रयोग फसलाही होता. हॉलचेही आरंभीचे यत्न वाया गेले. अखेर काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याने ऑक्टोबर १८७९ मध्ये पुन्हा पाहिले. वर्खातून वीज सोडून त्यावर चुंबकाचे बल उभे टाकताच, दोन कडांमध्ये किंचित विद्युत्-दाब दिसला. वाहती वीजच एका काठाकडे लोटली गेली होती!

परंतु हा दाब फार क्षीण. धातूत वीज वाहणारे कण दाट, म्हणून त्यांची चाल मंद. अर्धवाहकात ते विरळ. तेवढीच वीज न्यायची तर त्यांना धावावे लागते, आणि धावत्यावर चुंबकाचा जोर अधिक. १९५२ साली जर्मनीत हाइनरिख वेल्कर यांनी नवी अर्धवाहक संयुगे पुढे आणली, आणि हॉलची युक्ती मोजमापाच्या कामाची झाली.

तरी एक अडचण उरलीच. चपट्या पट्टीला तिच्यावर उभे पडणारे बल तेवढे कळते. चुंबकबलाला मात्र दिशा असते. सुई मध्यावर दोऱ्याने समतोल टांगा, मग ती चुंबकावर घासून पाहा: आपल्याकडे तिचे उत्तर टोक खाली झुकेल. म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली अशी तीन मापे हवीत. सपाट सिलिकॉनवर उभी पट्टी कशी बसवायची? स्वित्झर्लंडमध्ये रादिवोये पोपोविच यांनी १९८४ साली सिलिकॉनच्या आतच प्रवाह वर-खाली वळवून ते साधले. आडवी एक, उभ्या दोन. तिन्ही दिशा एकाच तुकड्यावर मोजता येऊ लागल्या.

आज कित्येक मोबाइलच्या होकायंत्रात हॉलचाच परिणाम काम करतो. मॅक्सवेलचा ग्रंथही थोरच राहिला. चुकले ते एक वाक्य. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या कोणी "पटत नाही" म्हणाले, तर एवढेच म्हणावे: "बरं, मग करून पाहू या."