खडबडीत चांदी : साउथॅम्प्टन ते ट्रॉम्बे

मंडळी, घरातली चांदी आपण घासून चकचकीत करतो. 1974 साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी नेमकं उलटं केलं. चांदीचा इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात धरून विजेचा दाब शेकडो वेळा वरखाली केला. प्रत्येक फेरीत थोडी चांदी क्लोराइड व्हायची, परत धातू होऊन वेडीवाकडी बसायची. हिशेब सरळ होता. रामन यांनी 1928 मध्ये दाखवलेला विखुरलेला प्रकाश फार दुबळा. पृष्ठभाग वाढला की जास्त रेणू चिकटतील आणि तो दिसेल. पिरिडीनच्या रेषा दिसल्याही, आणि चांगल्या ठळक.

पण कारण चुकलं होतं! 1977 मध्ये अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन डाइन यांनी, आणि इंग्लंडमध्ये आल्ब्रेख्ट आणि क्रेटन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की वाढ 1 लाख ते 10 लाख पट आहे. एवढी जागा खडबडीतपणातून कुठून येणार? व्हॅन डाइन यांना तर इतक्या फेऱ्यांचीही गरज पडली नाही. खरी करामत चांदीच्या बारीक उंचवट्यांमधली. तिथले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर हेलकावे घेतात आणि दोन कणांमधल्या फटीत विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं.

मग पत्र्याऐवजी कणच का बनवू नयेत? 1982 मधली ली आणि माइजेल यांची कृती आजही चालते : अर्धा लिटर पाण्यात 90 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट उकळायचं, 1 टक्क्याचं 10 मिलिलिटर सोडियम सिट्रेट घालायचं, तासभर उकळत ठेवायचं. सोपं वाटतं ना? काचेचं भांडं नीट धुतलं नाही, तर कालच्यासारखे कण आज येत नाहीत. करून पाहणाऱ्याला विचारा.

आपल्या घाटकोपरपासून फार लांब नसलेल्या ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात, उकळण्याला वेगळा पर्याय वापरला गेला. पाण्यावर गॅमा किरण सोडले की त्यात मोकळे इलेक्ट्रॉन तयार होतात. तेच चांदीच्या आयनांचा धातू करतात. किरणांची मात्रा मोजता येते, म्हणून कणांवरही बराच ताबा राहतो.

ट्रॉम्बेशी फ्लाइशमन यांचं नाव मात्र त्याआधीच जोडलं गेलं होतं, आणि तेही चांदीमुळे नव्हे. 1989 मध्ये त्यांनी आणि पॉन्स यांनी 'थंड' अणुसंमीलनाचा दावा केला. ट्रॉम्बेतल्या अनेक गटांनी ते प्रयोग करून पाहिले, काहींनी होकारार्थी निष्कर्षही कळवले. पण जगभरच्या बहुतेक प्रयोगशाळांना ते जमेनात. पिरिडीनच्या रेषा मात्र खडबडीत चांदीवर पहिल्यापासून सगळ्यांना दिसत आल्या आहेत, मूळ कारण चुकलं असूनही.